बंद मागाची भाकरी

आषाढ लागला की आमच्या वडगावात ते आधी कानाला कळतं. एरवी गल्लीत पाऊल टाकलं की दोन्ही बाजूंच्या घरांतून खटाखट, खटाखट सुरू. बोलायचं असेल तर ओरडून बोला, नाहीतर गप्प बसा. आषाढात लग्नं नसतात, साड्या घेणार कोण? मग एकेका घरातला माग थांबतो. आज कोपऱ्यावरच्यांचा, उद्या समोरच्यांचा. आठ-पंधरा दिवसांत गल्ली अशी गप्प होते की पत्र्यावरून गळणारं पाणी ऐकू येतं, तिसऱ्या घरातला खोकला ऐकू येतो. लोकांना म्हणे शांतता आवडते. आवडू दे बापडी. मला त्या शांततेत दर वर्षी एकच गोष्ट आठवते, आणि ती आठवली की घास गिळवत नाही.

यंदा ती शांतता ऐकायला मला मुद्दाम जावं लागलं. आई न्हाणीच्या ओल्या फरशीवर घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. अण्णाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या घरात खालची सगळी जागा मागांनी अडवलेली. माणसं राहतात वर. तिला जिना चढवणार कोण? म्हणून मी तिला माझ्याकडं हिंडलग्याला आणलं. माझ्या दोनच खोल्या, पण तळमजल्यावर. लग्न केलं नाही. का ते विचारू नका, विचारणारे विचारून दमले. खिडकीतून भाताची खाचरं दिसतात, कणकुंबीकडून आलेलं आभाळ दिवसभर त्यांच्यावर टेकलेलं असतं. आई खाटेवर पडून तेवढंच बघते.

पहिल्या दुपारी मी तिच्यापुढं ताट ठेवलं. जोंधळ्याच्या दोन भाकऱ्या, मुगाची उसळ, वाटीभर दही. तिनं एक भाकरी उचलून माझ्या हातात परत दिली. दुसरी मोडली, अर्धी ठेवून घेतली, उरलेली अर्धी ताटाच्या कडेला सरकवली.

"एवढी बास. पडून तर हाय मी. पडल्या माणसाला कशाला लागतंय गं?"

हे वाक्य मी याआधी ऐकलं होतं. याच महिन्यात, याच पावसात, दुसऱ्या खाटेवरून. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच नळ सोडून उभी राहिले.

आता माझा धंदा काय ते सांगते, म्हणजे या प्रकरणातली गंमत कळेल. गंमतच म्हणायची. मी आहारतज्ज्ञ आहे. बेळगावातल्या एका खासगी दवाखान्यात माझी खोली आहे, दारावर पाटी आहे, आत एक यंत्र आहे. त्यावर अनवाणी उभं राहायचं, दोन मुठी धरायच्या, की अर्ध्या मिनिटात चिठ्ठी बाहेर येते. चरबी किती, स्नायू किती, आणि सगळ्यात खाली एक आकडा: काहीही न करता, नुसतं पडून राहिलं तरी या देहाला दिवसाला किती कॅलरी लागतात. माझ्याकडं येणाऱ्या लोकांना हा शेवटचा आकडा फार आवडतो.

परवाच एक बांधकामवाले गृहस्थ आले होते. पोट आधी आत आलं, मग ते. चिठ्ठी वाचून त्यांनी डोळे विस्फारले. "मॅडम, हे अठराशे नुसतं झोपून?"

"हो. काळीज चालतं, फुप्फुसं चालतात, यकृत, मेंदू, मूत्रपिंडं. अंग गरम ठेवायचं असतं. हे सगळं तुम्ही झोपलात तरी चालूच असतं की."

"म्हणजे काही नाही केलं तरी एवढं खायचा आपला हक्कच आहे म्हणा!" ते खदखदून हसले. बायकोला फोन लावून त्यांनी तिथंच ही बातमी सांगितली.

हक्क. शब्द त्यांनी थट्टेत वापरला, पण बरोबर वापरला. माणूस जिवंत आहे एवढ्यासाठी त्याला जेवण लागतं. त्यानं काम केलं की नाही, हा प्रश्न नंतरचा. माझ्या वडिलांना हे कुणी सांगितलं नाही. ज्या मुलीला ते माहीत होतं, ती त्यांच्यापासून चार हातांवर बसून तेच पाठ करत होती.

आप्पा, म्हणजे माझे वडील, विणकर. खड्डामागावर शिकलेले, पुढं यंत्रमाग आले तर त्यावरही हात बसवलेला माणूस. आमच्या घरात एक रीत होती, आप्पांच्या वडिलांपासून चालत आलेली. माग बंद असला की प्रत्येक मोठ्या माणसाच्या ताटातली एक भाकरी कमी. खड्ड्यात पाय सोडून दिवसभर पायाखालच्या पावड्या मारणाऱ्याला तीन भाकऱ्या. मागावरचा उभ्या सुताचा ताणा संपला, नवं सूत आलं नाही, माग थांबला, की दोन. बायका धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायच्या, त्यांचीही एक गेली. शिकणाऱ्या पोरांना सूट. आप्पा त्या रीतीबद्दल असे बोलायचे, जसं दुसऱ्या घरातली माणसं देवाच्या नेमाबद्दल बोलतात. "काम न्हाय तर मागणं न्हाय," असं म्हणून ते उरलेली भाकरी स्वतः डब्यात ठेवायचे आणि झाकण दाबायचे. लहानपणी मला त्यांचा अभिमान वाटायचा. गल्लीतसुद्धा त्यांचं कौतुक होतं: किती मानी माणूस आहे!

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, नाहीतर वाचणारा लगेच हळहळायला लागेल. आमच्या घरात जोंधळा होता. पोत्यानं होता. डब्याला बुड दिसतंय अशी वेळ माझ्या आठवणीत एकदाही आली नाही. ही रीत गरिबीची नव्हतीच. ती अब्रूची होती.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा आप्पांच्या अंगावरून वारं गेलं. सकाळी मागाचं बटण दाबायला हात वर केला आणि तो वर राहीना. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. दवाखान्यातून पंधरा दिवसांनी घरी आणलं आणि त्यांची खाट मागांच्या शेजारी टाकली, कारण वर त्यांना झोप येईना. आवाजाशिवाय झोप येत नाही म्हणाले. अण्णा दोन्ही माग एकटा चालवायला लागला. घर थांबलं नाही, फक्त एक माणूस थांबला.

पहिल्याच जेवणाला त्यांनी डाव्या हातानं भाकरी मोडली आणि अर्धी बाजूला सारली.

"अवो, खावा की," आई म्हणाली. "अंगात ताकद कशी यायची?"

"ताकद कशाला? कुठं जायाचं हाय मला?" शब्द अर्धवट फुटत होते, पण कळत होते. "मी आता बंद माग. बंद मागाला काय लागतंय? बटण बंद केलं की मीटर थांबतंय का न्हाय?"

तीन भाकऱ्यांचा माणूस अर्धीवर आला. रीतीप्रमाणं एक कमी व्हायला हवी होती. त्यांनी अडीच कमी केल्या. आई दोन-चार दिवस भांडली, एकदा रडली. अण्णा म्हणाला, "त्यांचा नेम हाय. मोडूया नको, मनाला लागंल त्यांच्या." भेटायला येणारे म्हणत, बघा, लोळून खायची लाज आहे माणसाला, नाहीतर आजकाल. मग आठवड्याभरात सगळ्यांना सवय झाली. वाईट गोष्टीची सवय व्हायला आठवडा पुरतो, हे मी तेव्हा शिकले. कॉलेजात हे शिकवत नाहीत.

आणि कॉलेजात मी काय शिकत होते? ऐका. दोन परदेशी साहेबांच्या नावाचं एक सूत्र. माणूस संपूर्ण विश्रांतीत असताना त्याच्या देहाला किती कॅलरी लागतात याचा अंदाज काढायचं. वजन किलोत घ्या, दहानं गुणा. उंची सेंटीमीटरमध्ये घ्या, सव्वासहानं गुणा. दोन्हींची बेरीज करा. वयाला पाचनं गुणा, ते वजा करा. पुरुष असेल तर पाच मिळवा. बाई असेल तर एकशे एकसष्ट वजा करा. वर्गातल्या मुली या शेवटच्या ओळीला हसायच्या. हितंबी आमचंच कापा म्हणायच्या. पुढं, माणूस खाटेला खिळलेला असेल तर आलेल्या उत्तराला एक पूर्णांक दोन दशांशानं गुणा. मी हे सूत्र परवचा म्हणावा तसं म्हणत असे. परीक्षा तोंडावर आली होती. मागांच्या आवाजात अभ्यास करायची सवय असलेली मी, आषाढातल्या त्या शांततेत मोठ्यानं पाठ करायची, आणि आप्पा खाटेवरून ऐकायचे. "दहानं गुणा," मी म्हणायची. "गुणली," ते म्हणायचे.

त्या वर्षी प्रात्यक्षिकाच्या वहीसाठी घरातल्या चार माणसांचा असा हिशेब मांडायचा होता. आमच्या मॅडम म्हणाल्या, कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर जरूर घ्या, चांगली केस मिळते, जास्त मार्क देईन. मी हात वर केला. माझ्या घरी आहे, मॅडम. मला आनंद झाला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला होता हे खरं.

उंची मोजायला आप्पांना उभं करता येईना. साडी मोजायच्या फितीनं मी त्यांना निजवूनच मोजलं, टाचेपासून टाळूपर्यंत. एकशे बासष्ट. "किती वार भरलो?" त्यांनी विचारलं, आणि आम्ही दोघं हसलो. वजनासाठी अण्णानं त्यांना दोन्ही हातांवर उचललं आणि गल्ली ओलांडून सूतवाल्याच्या वखारीत नेलं. तिथं सुताच्या गासड्या तोलायचा मोठा काटा होता. डोक्यावर पोतं धरून मी मागून धावत होते. सूतवाला म्हणाला, "अण्णा, बापाला इकायला आणलास काय रं?" आप्पा वाकड्या तोंडानं इतके हसले की त्यांना ठसका लागला. अण्णा त्यांना घेऊन काट्यावर चढला: एकशे नऊ. मग त्यांना पोत्यांवर बसवून एकटा चढला: एकसष्ट. मी वहीत वजाबाकी केली. अठ्ठेचाळीस.

"दवाखान्यातनं आलो तवा चौपन्न हुतो," आप्पा म्हणाले.

हे मी ऐकलं. ऐकून वहीत काहीच लिहिलं नाही, कारण तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता. वय विचारलं तर म्हणाले, "लिव साठ. गुणायला सोप्पं पडंल तुला."

त्या संध्याकाळी खाटेच्या पायाशी बसून मी हिशेब मांडला. चारशे ऐंशी, अधिक एक हजार साडेबारा, वजा तीनशे, अधिक पाच. अकराशे साडेसत्त्याण्णव. खाटेवरचा माणूस म्हणून एक पूर्णांक दोननं गुणलं: चौदाशे सदतीस. मी उत्तराखाली पट्टीनं दोन रेघा मारल्या. "काय आलं?" आप्पांनी विचारलं. "चौदाशे सदतीस." "लई हाय की काय?" "बरोबर आहे," मी म्हटलं. उत्तर बरोबर आलं, एवढंच मला म्हणायचं होतं. मग आईनं हाक मारली, मी वही मिटली, उठले, आणि त्यांच्यापुढं भाकरीचं ताट नेऊन ठेवलं.

तुम्ही विचाराल, अगं बाई, तुला दिसलं कसं नाही? मीही विचारते. पंचवीस वर्षं विचारतेय. आकडा माझ्या हातानं लिहिलेला, अक्षर माझं, ताट माझ्या हातात, आणि मध्ये चार हातांचं अंतर. त्या ताटात दोन्ही वेळचं मिळून पाचशे-साडेपाचशेच्या वर काही नव्हतं. वहीतला माणूस ही एक केस होती आणि खाटेवरचे आप्पा हे आप्पा होते. केस उपाशी राहिली असती तर मी लगेच ओळखलं असतं.

आणि दुसरी अर्धी भाकरी? ती माझ्याकडं यायची. ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आप्पा डाव्या हातानं भाकरी मोडायचे आणि मला खुणेनं बोलवायचे. "हे घे. तुझं डोकं चालू हाय. डोक्याचं काम लई वाईट, भूक लागती." आणि मला भूक लागायचीच. विसाव्या वर्षी कुणाला लागत नाही? तो तुकडा चांगला जाड असायचा, मऊ, मध्ये लोणी चोपडलेलं. मला वाटायचं आई माझ्या परीक्षेसाठी मुद्दाम तशी भाकरी करते. वहीवर पीठ पडू नये म्हणून ती लांब धरून मी एका हातानं खायची आणि दुसऱ्या हातानं पानं उलटायची. वहीत लाल शाईनं शेरा मिळाला: फार छान, निरीक्षण उत्तम.

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. अंथरुणाला खिळलेला साठ वर्षांचा पुरुष. मी मान वर न करता लिहिलं. पैकीच्या पैकी मिळाले असणार.

आप्पा गेले ते आषाढाच्या शेवटी. आधी साधा खोकला, मग ताप, मग छातीत कफ. डॉक्टर आले, त्यांनी मनगट धरलं, पांघरूण वर करून बरगड्या बघितल्या आणि जरा रागानंच म्हणाले, "यांच्या अंगात झुंजायला काही शिल्लकच ठेवलं नाही." ठेवलं नाही. कुणी, ते त्यांनी विचारलं नाही. मागं वळून अण्णाला औषध लिहून दिलं. दोन दिवसांनी पहाटे आप्पा गेले तेव्हा दोन्ही माग बंदच होते, त्यामुळं थांबवायला काही नव्हतं. अर्ध्या भाकरीनं माणूस मेला असं मी म्हणत नाही. डॉक्टरही म्हणाले नाहीत. आधीच एक बाजू गेलेली, पावसाळा, ओल, कफ. पण झुंजायला काहीतरी ठेवलं असतं तर काय झालं असतं, हे मला कधीच कळणार नाही, आणि तोच माझा राग आहे. तेराव्याला त्यांच्या नावानं पान वाढलं. त्यात तीन अख्ख्या भाकऱ्या होत्या. वर तूप. माझ्या डोक्यात काय सणक गेली म्हणून सांगू! मेलेल्या माणसाला तीन, आणि जिवंत होता तेव्हा अर्धी.

खरं म्हणजे तेव्हाही मला कळलं नव्हतं. नुसता संताप आला होता. कळलं ते चार-पाच वर्षांनी. नोकरी नवी होती, एका गावात बायकांपुढं बोलायला गेले होते. सराईतपणे सांगत होते, घरात कुणी आजारी पडून असलं तरी त्याला जेवण लागतंच, उलट आजारात जास्त लागतं. वजन वाढलं पाहिजे, कमी होता कामा नये, चौपन्नाचं अठ्ठेचाळीस झालं तर समजा... आणि तिथं माझं तोंड बंद झालं. चौपन्न आणि अठ्ठेचाळीस हे आकडे मी कुठून आणले? समोरच्या बायकांना वाटलं पाठ विसरले. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला.

हल्ली मी दर शुक्रवारी निपाणीला जाते, तिथल्या एका दवाखान्यात. काकती ओलांडून हायवेला लागलं की एक डुलकी होते. तिथं विड्या वळणाऱ्या बायका येतात. मांडीवर तंबाखूचं सूप घेऊन, मान खाली घालून दिवसभर बसलेल्या. फॉर्मवर एक रकाना असतो: कामाचं स्वरूप. बसून काम, मध्यम काम, कष्टाचं काम. त्यांच्यापुढं नेहमी 'बसून' वर खूण असते. बसून म्हणजे जवळजवळ खाटेवरच्या माणसाइतकंच. हजार विड्या बसून वळल्या तर त्या बसूनच की! एकीची हाडं दिसत होती. मी म्हटलं, मावशी, दोन वेळा पोटभर जेवा. तर म्हणते कशी, "बसूनच असतोय की आमी. बसल्या जागी कितीक खावं माणसानं?"

मी तिच्यावर ओरडले. अगदी ओरडले. काळीज काय उभं राहून चालतं का, म्हटलं. ती घाबरून उठून गेली आणि औषधाची चिठ्ठी टेबलावरच विसरली. मी मागं धावले नाही. आमच्याकडं माणसाला घालून-पाडून बोलायचं झालं की आधी त्याच्या जेवणावर बोट ठेवतात: आयतं खातोय, बसून खातोय, लोळून खातोय. माणसं मग ते बोट स्वतःच स्वतःवर रोखतात, आणि त्याला मानीपणा म्हणतात. माझ्या डोक्यात तिडीक जाते या मानीपणाची. पण त्या बाईवर ओरडून काय मिळवलं मी? जिथं ओरडायचं होतं तिथं मी भाकरी खात होते.

तर आता आई. आठ दिवस मी तिला सगळ्या तऱ्हांनी सांगून बघितलं. लाडानं, रागानं, डॉक्टरांचा धाक घालून. हाड सांधायचं असेल तर खावं लागतंय गं. ती "व्हय, व्हय" म्हणायची आणि अर्धी बाजूला काढायची. दह्याची वाटी तेवढी संपवायची, माझ्या समाधानासाठी. तिच्या दंडाची कातडी लोंबायला लागली आहे. दवाखान्यातून आली तेव्हा वजन अडतीस होतं. काल घरी येणाऱ्या नर्सबाईनं उचलून धरून केलं तर छत्तीस. वजाबाकी या घराण्यात चांगलीच जमते.

आज दुपारी मी ठरवलं, सोडायचं नाही. पाऊस खिडकीवरच्या पत्र्यावर वाजत होता. मी कागद-पेन घेऊन तिच्या खाटेवर बसले आणि तिच्या देखत हिशेब मांडला. वजन दवाखान्यातलंच धरलं, अडतीस दाहे तीनशे ऐंशी. उंची एकशे शेहेचाळीस, तिचे नऊशे साडेबारा. वय अठ्ठ्याहत्तर, तीनशे नव्वद वजा. बाई म्हणून एकशे एकसष्ट वजा. "बघ, सगळं कापूनसुद्धा सातशे एक्केचाळीस राहतात," मी म्हटलं. "नुसत्या श्वासाला. बोटसुद्धा हलवलं नाहीस तरी. वर हाड मोडलंय, त्याचे वेगळे. हा तुझा हक्क आहे, आई. कुणाचे उपकार नाहीत."

तिनं कागदाकडं बघितलं नाही. भाकरी मोडली, आणि एक तुकडा माझ्या ताटात ठेवला. "तू खा. दिवसभर डोकं चालवतीस."

मी तो उचलून तिच्या ताटात परत टाकला. जरा आपटलाच. "मला नको!"

आई माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"तवा न्हाय कधी परत ठेवलीस," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. "कधी?"

"त्यांची भाकरी मी दुप्पट पिठाची थापत हुते. आत लोणी भरायची. म्हटलं, ह्यो माणूस ऐकत न्हाय तर न्हाय, अर्धी खाल्ली तरी एक भाकरी पोटात जाईल." ती खिडकीबाहेर बघत बोलत होती. "पर त्यांनी कधी मधोमध मोडली न्हाय. जाड बाजू तुलाच. मी चुलीम्होरनं बघत हुते. वाटायचं, आज तरी तू म्हणशील, नको आप्पा, तुमी खावा. रोज वाटायचं."

"मग बोलली का नाहीस तू?"

"काय बोलू? भूक हुती तुला. तुझी परीक्षा हुती." मग म्हणाली, "त्यांनी शेवटचे दिस अर्धीवर काढले. मी हितं दोन-दोन खाऊन, वर गेल्यावर त्यांच्याम्होरं कुठल्या तोंडानं जाऊ?"

बाहेर पाऊस तसाच होता. माझ्या हातात तो कागद होता, सातशे एक्केचाळीस, खाली दोन रेघा मारलेला. मला खूप बोलायचं होतं. मी वीस वर्षांची होते, मला दिसलं नाही, मला माहीत नव्हतं. पण माहीत होतं. चौदाशे सदतीस, माझ्या अक्षरात. त्या जाड भाकरीची चव मला अजून आठवते, आणि ती चांगली होती.

आईनं पुन्हा ताटातली भाकरी घेतली. मोडली. मधोमध नाही. मोठा तुकडा माझ्या बाजूला सरकवला, लहान स्वतःपुढं ठेवला आणि वाट बघत बसली. मी हात लावला नाही. तीही खाईना. दोन्ही तुकडे आमच्या मध्ये पडून राहिले, आणि हळूहळू गार होत गेले.